लिंडनखालची रिकामी कपाटे

बर्लिनला जाऊन आलेली मंडळी 'उंटर डेन लिंडेन' ह्या रस्त्याबद्दल बोलू लागली की "काय ती जुनी झाडं!" असं हमखास म्हणतात. झाडं जुनी नाहीत हो! जुना आहे तो रस्ता. १५७३ साली इलेक्टर योहान गेओर्गने राजवाड्यापासून टियरगार्टनच्या शिकारीच्या रानापर्यंत घोड्यावरून जायची वाट केली. १६४७ मध्ये, म्हणजे तीस वर्षांचं युद्ध अजून संपायचं होतं तेव्हा, थोरल्या इलेक्टरने तिच्या कडेने हजारेक लिंडन आणि तितकेच अक्रोड लावले. अक्रोड काही टिकले नाहीत. नाव राहिलं लिंडनचं.

(लिंडनला इंग्रजीत 'लाइम' म्हणतात म्हणून कुणी लिंबाची झाडं समजू नये. हे झाड आपल्या फालसा-धामणाच्या नात्यातलं. पानं बदामाच्या आकाराची, जूनमध्ये बारीक पिवळसर फुलं येतात आणि मधमाश्या नुसत्या लोटतात. आम्ही गेलो तेव्हा वास अख्ख्या रस्त्यावर होता. लेक म्हणाली, "आई, खाली बघून चाल!" पण वासाकडे लक्ष असताना कोण खाली बघणार?)

पुढे १९३० नंतरच्या वर्षांत भुयारी रेल्वेसाठी जुनी झाडं तोडली गेली आणि नाझींनी तिथे झेंड्यांचे खांब रोवले. महायुद्धात उरलीसुरली बाँबने गेली, काही थंडीत सरपण म्हणून जळली. आज दिसतात त्यांतली बरीचशी १९५० नंतर पूर्व जर्मनीच्या राजवटीत लावलेल्या रांगांमधली. म्हणजे माझ्याहूनही धाकटी!

तरीही माझ्या मनात राहिलं ते झाड नाही की ब्रांडेनबुर्ग दरवाजाही नाही. आमच्या वाटाड्याने दरवाजापाशी पाऊण तास घालवला आणि बेबेलप्लाट्झ चार मिनिटांत उरकला. हे मला मुळीच पटलं नाही. माझ्या मते हा रस्ता बघायचाच असेल तर तो तिथून बघावा.

ह्या चौकात १० मे १९३३ च्या रात्री सुमारे वीस हजार पुस्तकं जाळली. फ्रॉइड, मार्क्स, हाइने, रेमार्क... एरिख केस्टनर तर स्वतः गर्दीत उभा राहून आपली पुस्तकं जळताना बघत होता. गोबेल्सचं भाषण झालं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पुस्तकं गोळा करण्यात आणि आगीत टाकण्यात पुढे होते ते विद्यार्थी. विद्यापीठ तर समोरच, रस्ता ओलांडला की आलंच. मी जन्मभर इतिहास शिकवला. 'अडाणी जमावाने ग्रंथ जाळले' असं वाक्य मुलांना सांगणं सोपं असतं. इथे जमाव अडाणी नव्हता. त्यांत प्राध्यापकही होते. असो.

त्याच विद्यापीठातून त्याआधी दोन-तीन वर्षं आपल्या इरावतीबाई कर्वे डॉक्टरेट घेऊन परतल्या होत्या. 'युगान्त' वाचलेल्यांनाही हे पुष्कळदा माहीत नसतं. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. मानववंशशास्त्रातलं बडं नाव आणि वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कर्ता. कवटीच्या दोन बाजूंतला असमानपणा वंशाशी जोडलेला आहे, गोऱ्यांची कवटी ह्या बाबतीत वेगळी असते, असा त्यांचा कयास. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं, वंशाचा असा संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हाती त्याच माणसाला! फिशर १९३३ साली त्या विद्यापीठाचे रेक्टर झाले.

मुलांना 'गुरूचा मान राखा' हे आम्ही रोज सांगत आलो. गुरूच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार नसेल तर तसं लिहून द्या, हे किती वर्गांत सांगितलं जातं? मला तरी आमच्या शाळेच्या वर्षांत एकही तास आठवत नाही. त्या आगीत पुस्तकं टाकणाऱ्या पोरांनीही गुरूचा मान राखलाच होता की!

विद्यापीठाच्या फाटकाशी जुन्या पुस्तकांची टेबलं मांडली होती. जर्मन येत नाही, तरी दोन पुस्तकं हाताळून ठेवली.

चौकातलं स्मारक मिखा उल्मान ह्या इस्रायली शिल्पकाराचं, १९९५ चं. पुतळा नाही, कारंजं नाही. जमिनीत एक काच बसवलेली, खाली पांढरी रिकामी कपाटं, वीस हजार पुस्तकं मावतील इतकी. आत जाता येत नाही. तुम्ही गेलात तर अंधार पडल्यावर जा. दिवसा काचेत आभाळ आणि आपलंच तोंड दिसतं, बरंच वाकावं लागतं. माझे गुडघे धरले होते, जावयाने हात दिला. संध्याकाळी खालचा दिवा वर येतो आणि कपाटं उभ्यानेही दिसतात.