मागील पानावरून पुढे

दिवाळीच्या दिवसांत आमच्या गावच्या पेठेत काही दुकानांतून अजूनही नव्या वहीची पूजा होते. हिशेब आता यंत्रावर ठेवले जातात. तरी लाल कापडी बांधणीची एक वही पूजेपुरती लागतेच. पहिल्या पानावर 'श्री' आणि स्वस्तिक काढून झाले, की खरी सुरुवात होते ती जुन्या वहीतली बाकी पुढे ओढण्यापासून. व्यापाऱ्याचे ते ठीकच आहे. त्याची येणी आणि देणी एका रात्रीत बदलत नाहीत. पण माणसांच्याही वह्या आपण अशाच ठेवतो, हे माझ्या ध्यानात आणून दिले अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने. मराठीच्या प्राध्यापकाला अमेरिकन फुटबॉलचे काय, असे वाचक विचारतील. माझी पत्नीही तेच विचारते.

याचे मूळ माझ्या भाच्यात आहे. तो काही वर्षांपूर्वी लुइझियाना राज्यात बॅटन रूज या शहरी शिकायला होता. तिथल्या राज्य विद्यापीठाला सारे जण एल.एस.यू. म्हणतात. मिसिसिपी नदीच्या काठचे हे शहर. विद्यापीठाच्या आवारात माइक नावाचा खराखुरा वाघ पाळलेला आहे आणि त्याच्या पिंजऱ्यासमोरच्या क्रीडांगणात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. विद्यार्थ्यांचा खेळ बघायला एक लाख माणसे! आमच्या महाविद्यालयाच्या सामन्यांना खेळाडूंखेरीज शिपाई तेवढा हजर असतो, आणि तोही खुर्च्या उचलायच्या असतात म्हणून.

हंगाम सुरू होतो ऑगस्टच्या अखेरीस. पण त्याआधी महिनाभर तिथे एकच उद्योग चालतो. आपल्या संघाची चढाई यंदा कशी असेल, याचे अंदाज बांधायचे. चढाई हा कबड्डीतला शब्द मी मुद्दाम वापरतो. या खेळात चेंडू लांबट असतो आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. तेव्हा फुटबॉल या नावावर फार विसंबू नये. चढाईचे अकरा गडी वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. चढाई करणाऱ्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. ते जमले तर पुढचे चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू गेला. चेंडू घेऊन पळा, नाही तर पुढे फेकून आपल्या गड्याकडून झेलवा. सारी विद्या एवढ्यात आली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर पेपर तपासलेत. आमच्या चढाईला गुण द्या बघू. मी माहिती सांगतो." परीक्षकाला याहून मोठा मोह नाही. पर्यवेक्षणाच्या वेळापत्रकाचा एक पाठकोरा कागद पुढे ओढला आणि रकाने आखले.

पहिला रकाना क्वार्टरबॅकचा. हा चढाईचा सूत्रधार. प्रत्येक डावाला चेंडू प्रथम याच्या हाती येतो. एल.एस.यू.चा सूत्रधार जो बरो. ओहायोत वाढलेला. तिथल्या ओहायो स्टेट विद्यापीठात तो तीन वर्षे राहिला आणि एवढ्या काळात त्याने सामन्यांतून चेंडू फेकला तो अवघा ३९ वेळा. बाकी सारा वेळ राखीव गड्यांच्या बाकावर. अखेर पदवी पदरात पाडून २०१८ मध्ये तो इकडे आला. त्या वर्षी त्याने १६ वेळा चेंडू फेकून गोल करविले, आणि त्याच्या शंभर फेकींपैकी झेलल्या गेल्या सरासरी ५७.८. आमच्या हिशेबी हा दुसरा वर्ग. 'मेहनती, झेप मर्यादित,' असा शेरा लिहून मी ५८ गुण टाकले.

दुसरा रकाना झेलणाऱ्यांचा. जस्टिन जेफरसनने आदल्या वर्षी ५४ झेल घेतले होते, हे चांगलेच. जमार चेस नवखा, २३ झेल. दोघांना मिळून ५५. तिसरा रकाना चेंडू घेऊन पळणाऱ्यांचा. आदल्या वर्षीचा मुख्य धावपटू संघ सोडून गेला होता. उरला होता तो क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर, त्या राक्षसी गड्यांत अगदी बुटका. त्याला ५०. चौथा रकाना भिंतीचा. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंत धरून उभे राहतात. चेंडू त्यांच्या हाती यायचा नाही, नाव वर्तमानपत्रात यायचे नाही. पण ती भिंत दोन-तीन क्षण टिकली नाही, तर मागचा सूत्रधार जमिनीवर आडवा. आदल्या हंगामात ही भिंत वारंवार खचली होती. अलाबामाविरुद्ध तर घरच्या मैदानावर २९-० असा पराभव झाला. चढाईला एक गुणही मिळवता आला नाही. भिंतीला मी ४५ दिले.

पाचवा रकाना शिकवणीचा. "मामा, यंदा एक नवा माणूस आणलाय. जो ब्रेडी. २९ वर्षांचा आहे. न्यू ऑर्लिन्सच्या व्यावसायिक संघात मदतनीस होता. म्हणतात, चढाईची पद्धतच बदलणार आहे. पण असं तर इथे दर ऑगस्टला म्हणतात!" आता या माणसाचा मागचा पेपरच नाही, तर गुण कशाला देणार? मी रकान्यात आडवी रेघ मारली.

एकंदर निकाल : दुसरा वर्ग. असोसिएटेड प्रेसच्या मतदानात तिथल्या वार्ताहरांनी हंगामापूर्वी एल.एस.यू.ला देशात सहावे स्थान दिले होते. ते मला औदार्याचेच वाटले.

पुढे काय झाले ते सांगतो. ३१ ऑगस्टच्या पहिल्या सामन्यात बरोने पूर्वार्धातच पाच गोल करविले. प्रतिस्पर्धी दुबळा होता, असे मी भाच्याला समजावले. आठवड्याने टेक्सासच्या मैदानावर अटीतटीचा सामना झाला. अडीच मिनिटे उरली होती, एल.एस.यू. सहा गुणांनी पुढे होता. आणि तिसऱ्या प्रयत्नात सतरा यार्ड काढायचे होते. अशा वेळी शहाणा संघ चेंडू पोटाशी धरून पळतो आणि वेळ काढतो. यांनी चेंडू फेकला! टेक्सासचे गडी भिंतीवर तुटून पडले असताना बरो शांतपणे एक पाऊल पुढे सरकला आणि जेफरसनच्या हाती चेंडू दिला. ६१ यार्डांचा गोल. सामना ४५-३८. नोव्हेंबरमध्ये अलाबामाला त्यांच्याच घरी ४६-४१ असे हरविले. त्याआधी लागोपाठ आठ वेळा त्यांच्याकडून हार खाल्ली होती. हंगाम संपला १३ जानेवारी २०२० ला, अंतिम सामन्यात क्लेमसनला ४२-२५ असे हरवून. पंधरा सामने, पंधरा विजय.

आणि माझ्या दुसऱ्या वर्गातल्या विद्यार्थ्याचा निकाल? शंभरात ७६.३ फेकी अचूक. ५,६७१ यार्ड. सोळाच्या जागी साठ गोल. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला देतात तो हाइझमन करंडक त्याला मिळाला, आणि मतांचे इतके मोठे अंतर त्या पारितोषिकाच्या इतिहासात पूर्वी कधी पडले नव्हते. नवख्या चेसने वीस गोल केले. बुटक्या एडवर्ड्स-हेलेअरने पळून १,४१४ यार्ड काढले, शिवाय ५५ झेल घेतले. आणि जिला मी ४५ गुण देऊन काठावर पास केले होते, त्या भिंतीला देशातली उत्तम भिंत म्हणून जो मूर पारितोषिक मिळाले.

माझा कागद कुठे चुकला? आकडे तर सारे खरे होते. चूक होती ती ज्या रकान्यात मी आडवी रेघ मारली त्यात. नव्या पद्धतीत मधली गर्दी मोडून गडी मैदानाच्या रुंदीभर पांगवले होते. पळणाऱ्या गड्यालाही झेलायला धाडायचे. म्हणजे बचावालाही पांगावे लागते आणि मोकळ्या जागा पडतात. कोणती जागा मोकळी पडली ते क्षणात ओळखायचे आणि चेंडू सोडून द्यायचा. चेंडू लवकर सुटला की भिंतीवरचा भारही कमी होतो. ही अक्कल बरोजवळ होती. पण जुन्या पद्धतीत ती कुणी विचारलीच नव्हती. पेपरात जे विचारत नाहीत, त्याला गुण कसे मिळणार?

मला अधिक नवल वाटले ते दुसऱ्याच एका माणसाचे. चढाईचे मुख्य शिक्षक होते स्टीव्ह एन्समिंगर, साठीचे गृहस्थ. सत्तरच्या दशकात याच विद्यापीठाचे क्वार्टरबॅक. त्यांच्या शेजारी हा एकोणतीस वर्षांचा पोरगा आणून बसविला. दोघांनी मिळून वर्षभर डाव आखले. आमच्याकडे अभ्यासक्रमात एक पुस्तक बदलले तर प्राध्यापकांच्या खोलीत आठवडाभर चहा कडू लागतो. साठाव्या वर्षी आपली वही बाजूला ठेवून दुसऱ्याच्या वहीत लिहायला बसणे काय असते, हे शिकविण्याचा धंदा करणाऱ्यालाच कळेल.

त्याच गृहस्थांवर २८ डिसेंबरला, ओक्लाहोमाविरुद्धच्या उपान्त्य सामन्याच्या दिवशी सकाळी, घाला पडला. सामन्याला यायला निघालेली त्यांची सून विमान अपघातात गेली. ते दुपारी आपल्या जागी बसले आणि डाव सांगत राहिले. बरोने पूर्वार्धात सात गोल करविले. सामना ६३-२८ असा जिंकला. हे मी कौतुकाने सांगत नाही. त्या दुपारी त्यांच्या मनात काय होते ते त्यांनाच ठाऊक. एवढेच म्हणतो, की ऑगस्टमधल्या कोणत्याही कागदावर याला रकाना नव्हता.

आता खरी गंमत ऐका. पुढच्या, म्हणजे २०२० च्या ऑगस्टमध्ये भाच्याने पुन्हा फोन केला. बरो व्यावसायिक खेळात गेला होता, ब्रेडीही गेला, जेफरसन गेला, बुटका गेला, भिंतीतलेही बहुतेक गेले. तरी मी गुण दिले ७८! वार्ताहरांनीही हंगामापूर्वी स्थान दिले ते पुन्हा सहावेच. साथीमुळे सप्टेंबरअखेर सुरू झालेल्या त्या हंगामात संघ पहिलाच सामना ३४-४४ असा हरला आणि शेवटी पाच जिंकून पाच हरला. दोन ऑगस्ट, एकच सहावे स्थान; एकदा पंधरापैकी पंधरा, एकदा निम्मे. दोन्ही वेळा आम्ही पुढचे वर्ष सांगत नव्हतो. मागल्या वर्षाची बाकी ओढत होतो.

हे सारे मी फुटबॉलसाठी लिहिले असे वाचकांना वाटू नये. माझ्याकडेही दर जूनमध्ये एक यादी येते. बऱ्याच वर्षांपूर्वी तिच्यात एक मुलगा होता. मराठीत ४७ गुण आणि मराठी हाच मुख्य विषय घ्यायची इच्छा. मी यादी पाहिली, त्याच्याकडे फारसे पाहिले नाही. म्हटले, "भाषेचा तुझा पाया कच्चा आहे. दुसरं काही घे." त्याने वाद घातला नाही. दाखला घेऊन दुसऱ्या महाविद्यालयात गेला आणि तिथे मराठीच घेतले.

मागल्या वर्षी एका खेड्यातल्या शाळेत मला पाहुणा म्हणून बोलावले होते. माझे भाषण चालू असताना मुले चुळबुळत होती. मग आभार मानायला तिथला एक शिक्षक उठला, पाच-सात मिनिटे बोलला, आणि मांडवात पान हलले नाही. इतकी साधी, इतकी नेमकी मराठी मी आमच्या परिसंवादांतही क्वचित ऐकतो. चहाच्या वेळी तो जवळ आला. "सर, तुम्हाला आठवत नसेल, मी तुमच्याकडे प्रवेशाला आलो होतो."

मला आठवत होते. नावासकट आणि गुणांसकट आठवत होते. मी म्हटले, "नाही बुवा, इतकी मुलं येतात!"

तो हसला आणि मला शाळेचे वाचनालय दाखवायला घेऊन गेला. मुलांसाठी तो दर दिवाळीला स्वतःच्या पैशांतून चार अंक घेतो, असे त्याने सांगितले. टेबलावर मागल्या वर्षीचे अंक होते. त्यांत हाही होता.