शेजारी कोण, हे शोधणाऱ्या कथा

अगाथा ख्रिस्तीच्या खेड्यातल्या रहस्यकथांना आपण फार सहज हलकेफुलके वाचन म्हणून बाजूला ठेवतो. चहा, बागा, चर्चचा पाद्री, एक प्रेत आणि शेवटी सारे पूर्ववत, एवढीच त्यांची ओळख उरली आहे. हा त्या कादंबऱ्यांवर अन्याय आहे. शेजाऱ्याला आपण ओळखतो म्हणजे नेमके काय ओळखतो, हा प्रश्न त्या चिवटपणे विचारतात. महायुद्धाने विस्कटलेल्या इंग्लंडमध्ये तो अजिबात हलका नव्हता.

१९५० सालची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ घ्या. चिपिंग क्लेगहॉर्न गावच्या वृत्तपत्रात, छोट्या जाहिरातींच्या रकान्यात मजकूर येतो: शुक्रवार, २९ ऑक्टोबर, संध्याकाळी साडेसहाला ‘लिटल पॅडॉक्स’ या घरी खून होणार आहे. शेजारीपाजारी तो करमणुकीचा खेळ समजून वेळेवर हजर होतात, आणि खेळ खरोखरच जिवावर बेततो. पुढे ख्रिस्तीची वृद्ध हौशी गुप्तहेर मिस मार्पल पोलिस अधिकाऱ्याला जे सांगते, ते या कादंबरीचे मर्म आहे. पूर्वी गावात कोण कुणाचे हे सगळ्यांना ठाऊक असे. नवा माणूस यायचा तो कुणाची तरी ओळखीची चिठ्ठी घेऊन. आता कुणी हिंदुस्थानातून परततो, कुणी हाँगकाँगहून, आणि स्वतःबद्दल तो सांगेल तेच खरे धरावे लागते. पुरावा काय, तर रेशनबुक आणि ओळखपत्र. त्या ओळखपत्रावर ना फोटो, ना बोटांचे ठसे. ब्रिटनमध्ये ही ओळखपत्रे १९५२ पर्यंत आणि रेशनिंग १९५४ पर्यंत चालू होते. म्हणजे ख्रिस्ती आपल्या वाचकांच्या खिशातल्या कागदांबद्दलच लिहीत होती. पुढे ‘लिटल पॅडॉक्स’मधल्या, कायम बंद समजल्या जाणाऱ्या एका दाराच्या बिजागऱ्यांना नुकतेच तेल घातलेले आढळते, तेव्हा संशय बाहेरच्या चोरावरून थेट दिवाणखान्यात जमलेल्या माणसांवर येतो.

शहरी गुन्हेगारीच्या कथा लिहिणाऱ्या अमेरिकन रेमंड चँडलरने १९४४ मध्ये ‘द सिंपल आर्ट ऑफ मर्डर’ या निबंधात अशा इंग्रजी वळणाच्या कथांवर कृत्रिमतेचा ठपका ठेवला. कोड्यापुरता तो रास्त आहे. खरे खुनी इतके गुंतागुंतीचे बेत आखत नाहीत. पण वारसा हातचा जाईल, पत जाईल या भीतीने घरातलाच माणूस घात करतो, हे शहरातल्या गुंडगिरीइतकेच खरे आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: नोकरमाणसांकडे या कथा वरून पाहतात. याच कादंबरीत युरोपातून जीव वाचवून आलेली स्वयंपाकीण मिट्झी थट्टेचा विषय होते. ते आज खटकते, खटकायलाच हवे. तरीही १९५३ ची ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ आठवावी. ग्लॅडिस ही मोलकरीण गळा आवळलेल्या अवस्थेत सापडते, आणि तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला असतो. त्या घराच्या श्रीमंत मालकाचाही खून झाला आहे, पण मिस मार्पल येते ती या पोरीसाठी. अनाथाश्रमातून आणून तिनेच तिला घरकाम शिकवलेले असते. त्या चिमट्यातली क्रूर चेष्टा तिला संतापाने पेटवते. लेखिकेला मोलकरणी केवळ ट्रे आणण्यापुरत्या दिसत असत्या, तर या तपासाची सारी धग तिने ग्लॅडिससाठी राखली नसती.