शजऱ्यातली एकच रेघ

रिश्त्याची बोलणी सुरू झाली की जालना असो, अंबड असो की भोकरदन, आपला पहिला सवाल ठरलेला: "खानदान कोणतं?" मुलाचा स्वभाव, शिक्षण, कमाई हे सगळं नंतर. मिर्झा किंवा बेग ऐकलं की आपण खूश. पिंजारी, तांबोळी ऐकलं की बोलणी तिथेच थंडावतात.

बापाच्या वंशावरून मोठेपण ठरवण्याची रीत मंगोलांत फार कडक होती. चंगेजखानाच्या पुरुषवंशातल्यालाच 'खान' होऊन गादीवर बसता येई. तैमूर एवढा बलाढ्य, पण त्या वंशातला नव्हता. म्हणून तो 'अमीर'च राहिला आणि चंगेजच्या घराण्यातली मुलगी करून स्वतःला 'जावई' म्हणवू लागला. बाबर बापाकडून तैमूरचा वंशज. चंगेजशी त्याचं नातं जुळलं ते आई कुतलुग निगार खानमकडून. शजरा मात्र आपण बापाचाच लिहितो.

२००३ मध्ये शास्त्रज्ञांनी बापाकडून मुलाकडे जाणारं 'वाय' गुणसूत्र तपासलं. पॅसिफिकपासून कॅस्पियन समुद्रापर्यंतच्या पट्ट्यात सुमारे ८ टक्के पुरुषांत एकच खूण आढळली. ती चंगेजच्या घराण्याची असावी, असा त्यांचा अंदाज. पुढे इतर संशोधकांनी ती साध्या मंगोल लढवय्यांची असू शकेल, असंही मांडलं. ताडून पाहणार कशाशी? चंगेजची कबरच सापडलेली नाही.

हिशेब साधा आहे. दहा पिढ्या मागे गेलं तर त्या पिढीत आपले १०२४ पूर्वज येतात. बापाच्या बापाची रेघ त्यातल्या फक्त एकापर्यंत पोचते. बाकीच्या १०२३ जणांचं काय? त्यांत कोण विणकर, कोण बागवान, कोण जाणे.

या एका रेघेच्या अभिमानाची किंमत आपली मुलं मोजतात. मागास मुस्लिम बिरादऱ्यांना ओबीसी सवलती मिळाव्यात म्हणून आपल्याच जालन्याचे शब्बीर अन्सारी झटले. दिलीपकुमार यांनीही त्यांना साथ दिली. तरी आजही काही घरांत हक्काचा जातीचा दाखला काढायला वडीलधारे लाजतात. "लोक काय म्हणतील?" या एका सवालापायी हुशार मुलीची कॉलेजातली जागा जाते.

सूरह हुजुरातची तेरावी आयत आपण निकाहच्या मजलिशीत कितीदा ऐकतो. रिश्ता ठरवताना आणि दाखल्याचा अर्ज भरतानाही ती आठवू या.