निसर्गावर हवाला

‘रस्त्यावरच्या कुत्रीला कोण टॉवेल आणून देतं हो?’ असा प्रश्न टाकायचा आणि उत्तराची वाट न बघता टॉवर चौकाकडे चालू लागायचं, हा आमच्या उज्जैनीतल्या माधव नगरातल्या एका गृहस्थांचा सध्याचा क्रम आहे. निमित्त झालं त्यांच्याच गल्लीतल्या एका पॉमेरेनियन कुत्रीचं. ती गाभण आहे. घरच्यांनी सुताराकडून फळ्यांचं खोकं करून घेतलं, जुनी सुती लुगडी धुऊन वाळवली, थर्मामीटर आणला, आणि ही जमवाजमव या गृहस्थांच्या डोळ्यांवर आली. तेव्हापासून फ्रीगंजात जो भेटेल त्याला ते ‘कुत्रीचं डोहाळजेवण’ रंगवून सांगतात.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. निसर्ग सगळं बघून घेतो. विण्याचं ज्ञान कुत्रीला उपजतच असतं, माणसाने हात घातला की बिघडतं. पूर्वी वाड्यांतून कुत्र्या जिन्याखाली वीत आणि सकाळी पाहावं तर पिल्लं दूध पीत असत. माणसाचा वास लागला तर आई पिल्लं टाकते. आणि हे टॉवेल, दोरे, तापमान म्हणजे पैसा उतू गेलेल्यांची परदेशी थेरं. एवढं बोलून ते हात झटकतात आणि ऐकणारे माना डोलावतात. मला राग येतो तो या मानांचा. यांच्यापैकीच कुणाच्या तरी घरी उद्या कुत्री अडणार, रात्री दोन वाजता फोनाफोनी होणार आणि सकाळी ‘नशिबात नव्हतं’ म्हणून मागच्या अंगणात खड्डा खणला जाणार.

आधी रस्त्यावरच्या कुत्रीचंच बघू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. पश्चिम बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांच्या पाच वर्षं नोंदी ठेवून कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये आपले निष्कर्ष छापले. ९५ वेतांतली ३६४ पिल्लं त्यांनी मोजली. त्यांतली वयात येईपर्यंत जगली फक्त १९ टक्के. म्हणजे पाचांतलं जेमतेम एक. जी मेली त्यांतल्या ६३ टक्के मृत्यूंमागे कुठे ना कुठे माणसाचा हात होता, हेही त्यांनीच लिहिलं आहे. आता गृहस्थ म्हणतील, मग दोष गाड्यांचा आणि दगड मारणाऱ्यांचा, बाळंतपणाचा नव्हे. ठीक. तो भाग वजा करा. तरीही भूक, रोग आणि थंडी यांनी नेलेली पिल्लं उरतातच, आणि ती निसर्गाच्याच खाती जमा करावी लागतात. शहीद पार्कच्या बाजूला मार्गशीर्ष-पौषात उभ्या गाड्यांखाली पाच-सहा पिल्लांचा गोळा दिसतो. संक्रांतीनंतर त्यातली एक-दोन आईमागे धावताना दिसतात. बाकीची कुठे गेली, हे त्या गृहस्थांनी कधी विचारलं आहे? त्यांना दिसतात ती उरलेली. उरलेल्यांकडे बोट दाखवून ‘बघा, सगळी जगतात’ म्हणणं याला निरीक्षण म्हणत नाहीत.

निसर्ग बघून घेतो म्हणजे काय करतो, तेही नीट समजून घ्यावं. तो भरपूर पिल्लं जन्माला घालतो आणि त्यातली बरीचशी मरू देतो. त्याचा हिशेब जातीचा असतो, एकेका पिल्लाचा नसतो. तुमच्या घरात मात्र तीन पिल्लं होणार असतात आणि नातवाने त्यांची नावंही ठरवलेली असतात. निसर्गाचा हिशेब तुम्हाला खरोखर मान्य असेल तर त्या नातवाला समोर बसवून तसं सांगा.

पण खरी चूक याहून मोठी आहे. रस्त्यावरची कुत्री तयारी न करता विते, हेच मुळी खोटं. दिवस भरत आले की ती जागा हुडकत हिंडते. अर्धवट बांधलेल्या घराच्या जिन्याखाली, वाळूच्या ढिगात, कोरड्या नाल्याच्या काठाला ती पंजांनी उकरून अंगाएवढा खळगा करते. जागा कोरडी हवी, अंधारी हवी, वारा लागायला नको, एकच तोंड हवं. एक जागा नापसंत पडली तर सोडून दुसरी धरते. ही तिची जमवाजमव आहे. त्यासाठी तिला माती लागते, मोकळीक लागते आणि निवडीला चार जागा लागतात.

आता घरची कुत्री बघा. खाली गुळगुळीत फरशी, सगळीकडे दिवे, दारात पाहुणे. ती तेच करायला जाते जे रस्त्यावरची करते. फरशीवर नखं ओढते, दिवाणावरची गादी फाडते, कपाटामागे घुसते. त्यावर घरातून काय ऐकू येतं? ‘हट्, काय वेड लागलंय हिला!’ आपण तिची माती घेतली, जागा निवडायचा हक्क घेतला, बहुतेक वेळा जोडीदारही आपणच ठरवला. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. तिचं शरीरसुद्धा आपल्या हौसेपायी बदललं. डोकं मोठं आणि कंबरेची वाट अरुंद अशी बुलडॉगची जात माणसाने घडवली, आणि आता त्या जातीतली बहुतेक बाळंतपणं शस्त्रक्रियेनेच होतात. पॉमेरेनियनसारख्या लहान चणीच्या कुत्रीच्या पोटात कधी एकच पिल्लू असतं. ते पोटात एकट्यानेच पोसलं जातं, मोठं होतं आणि वाटेत अडतं. लांडगीचा निसर्ग हिला कुठून लागू करता? जे आपण काढून घेतलं ते एका खोक्याच्या, चार लुगड्यांच्या रूपाने परत करायचं, एवढाच या तयारीचा अर्थ आहे. लाड म्हणून हसण्यासारखं त्यात काय आहे?

माणसाचा वास लागला की आई पिल्लं टाकते, हा दुसरा मुद्दा. आई पिल्लू दूर सारते ते बऱ्याचदा ते गार पडलं म्हणून. नवजात पिल्लाला थरथरून अंगात ऊब आणता येत नाही आणि पहिले दोन आठवडे त्याचं अंग भोवतालच्या हवेवर चालतं. गार पडलेलं पिल्लू चोखू शकत नाही, पोटात गेलेलं दूधही त्याला पचत नाही. आई वासाने बिथरत नाही, बिथरते ती गर्दीने. घरच्या एका ओळखीच्या माणसाने हात लावला तर काही होत नाही. गल्लीतली पोरं, आणि हो, सल्ला द्यायला आलेले गृहस्थही, बाहेर ठेवावेत.

वाड्यात सगळी पिल्लं जगत, हे कुणी मोजलं होतं? मेलेली पहाटेच उचलली जात. शिवाय जिन्याखाली सारवलेली जमीन, गोणपाट आणि भुसा असे. सामान होतंच, फक्त विकत आणलेलं नव्हतं.

परदेशी थेरं म्हणाल तर मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय १८८३ मध्ये उभं राहिलं. आपल्या माळव्यात महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आहे. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी, धुरी आणि जुन्या लुगड्यांची बाळोती आपल्या आज्यांना कुणी विलायतेहून शिकवायला आलं नव्हतं.

आणि उज्जैनीत राहून हे बोलावं? कालभैरवाच्या गावात, जिथे भैरवाचं वाहन म्हणून कुत्र्यांपुढे दूध-पोळी ठेवली जाते? महाभारताच्या आदिपर्वात सरमेची कथा अगदी सुरुवातीला येते. देवांची ही कुत्री. जनमेजय राजाच्या भावांनी तिच्या लेकराला अपराध नसताना मारलं, म्हणून ती भर यज्ञसत्रात येऊन जाब विचारते, उत्तर मिळत नाही तेव्हा शाप देते, आणि त्या शापाने राजा हादरतो. कुत्रीच्या आईपणाची एवढी दखल ज्या ग्रंथाने घेतली तो घरी लाल कापडात बांधून ठेवायचा आणि शेजारच्या गाभण कुत्रीला हसायचं, हे मला पटत नाही.

निसर्गावर एवढी श्रद्धा असणारे हेच गृहस्थ दिवस भरलेल्या कुत्रीला ‘कळांचं एक इंजेक्शन मारून घ्या, मोकळी होईल’ असा सल्लाही देतात. ते कळांचं इंजेक्शन म्हणजे ऑक्सिटोसिन. पिल्लू आडवं अडलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं. पिल्लू कुठे आहे, किती आहेत, हे तपासल्याशिवाय डॉक्टरही ते देत नाहीत. गाभणपणात कॅल्शियमच्या बाटल्या पाजा, हा त्यांचा दुसरा सल्ला. बाहेरून आयतं कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढायची शरीराची सवय मंदावते. मग पिल्लं दुधावर तुटून पडली की आईच्या रक्तातलं कॅल्शियम एकाएकी उतरतं. लहान जातीच्या कुत्रीला बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत हा झटका येतो. ती धापा टाकते, पाय ताठरतात, अंग थरथरतं, ताप चढतो. लगेच दवाखाना गाठला नाही तर ती हातची जाऊ शकते.

हाच वाद मागेही एकदा झाला होता, वेगळ्या तोंडाने. ‘कुत्री आयुष्यात एकदा तरी व्यायलाच हवी, नाहीतर आजारी पडते’ असं तेव्हा सोसायटीच्या बैठकीत ठासून सांगितलं गेलं, आणि नसबंदी करून घेणाऱ्या एका बाईंना पापाची भीती घातली गेली. त्या समजुतीला काडीचा आधार नाही. उलट नसबंदी झालेल्या कुत्रीला गर्भाशयात पू होण्याचा धोका राहत नाही, आणि लहान वयात केली तर स्तनांच्या गाठींचा धोकाही घटतो. पिल्लांना घरं मिळणार नसतील तर वेत टाळणं हीच पहिली तयारी, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. पण एकदा ती गाभण राहिली की तो वाद संपला. मग तिचं बाळंतपण नीट करायचं.

काय लागतं? बाजारात जाऊन उभं राहण्यासारखं फारसं काही नाही. आई पाय ताणून आडवी होऊ शकेल एवढं खोकं, आणि आतून चारही बाजूंना भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून ठोकलेली पट्टी. आई अंग टाकते तेव्हा भिंतीशी सापडलेलं पिल्लू त्या पट्टीखाली वाचतं. खाली वर्तमानपत्रांचे थर, वर धुतलेली सुती लुगडी, आणखी दोन गठ्ठे बदलायला. खरखरीत लहान टॉवेल, उकळून घेतलेली कात्री, जाड दोरा, पोव्हिडोन आयोडीन, स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा, वही. डेटॉल नको. ऊब खोक्याच्या एका कोपऱ्यातच द्यायची, गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून, म्हणजे पिल्लाला गरम वाटलं तर सरकायला जागा राहते. पहिल्या आठवड्यात पिल्लांपाशी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान हवं. आपल्याकडे पौषाच्या रात्री ऊब द्यावी लागते आणि वैशाखात कूलरचा झोत खोक्यावरून वळवावा लागतो.

मिलनापासून साधारण ६३ दिवस धरावेत, चार-पाच दिवस मागेपुढे. पंचावन्नाव्या दिवसानंतर एक्स-रे काढला तर पिल्लं मोजता येतात, आणि पोटात एखादं राहिलं आहे का हा रात्रीचा घोर मिटतो. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ताप पाहावा. एरवी १०१ ते १०२ फॅरनहाइट असणारा पारा ९९च्या खाली उतरला की दिवसभरात कळा लागतात.

टॉवेल कशाला, असं विचारणाऱ्यांनी एक बाळंतपण जवळून पाहावं. पिल्लू पातळ पिशवीत गुंडाळलेलं बाहेर येतं. आई ती फाडते, चाटते, नाळ तोडते. पण मागचं पिल्लू लगेच आलं आणि आई आधीच्यातच गुंतली, तर पिशवीतलं पिल्लू गुदमरू लागतं. मी पाहिलेलं असं एक पिल्लू ओल्या चामड्यासारखं निपचित पडलं होतं. घरातल्या बाईंनी नाकावरची पिशवी बोटांनी फाडली, तोंडातला चिकट पाझर पुसला, डोकं खाली धरून टॉवेलने पाठ चोळत राहिल्या. जिभेचा निळा रंग गुलाबी झाला आणि पिल्लू ओरडलं. मग नाळ पोटापासून बोटभर अंतरावर दोऱ्याने बांधून कापली, टोकाला आयोडीन लावलं आणि पिल्लू आचळाला लावलं. पहिल्या दिवसाचा चीक पोटात जायलाच हवा, रोगापासूनचं बहुतेक संरक्षण पिल्लाला त्यातूनच मिळतं. आईला दूध नसेल तर पाणी घातलेलं गाईचं दूध कामाचं नाही. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि चरबी गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. पिल्लांसाठीची दुधाची पावडर आधीच आणून ठेवावी.

ज्यांच्या घरी सध्या कुत्री गाभण आहे, त्यांनी एक काम आजच करावं. आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावं की ते रात्री येतील का, येणार नसतील तर शस्त्रक्रिया कुठे होईल, तिथे न्यायला गाडी कुणाची. पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा १९६२ हा क्रमांकही लिहून ठेवावा, आणि तो रात्री चालतो का हे दिवसाच विचारून घ्यावं. जोराच्या कळा अर्धा तास देऊनही पिल्लू आलं नाही, दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त गेले, किंवा पहिलं पिल्लू येण्याआधीच हिरवट-काळा स्राव दिसला, तर कुणाचाही सल्ला ऐकत बसू नका. तिला उचला आणि निघा.