पोटातले पाणी आणि घरातली भीती

‘‘डॉक्टर, एकदा पाणी काढले की ते दुपटीने भरते म्हणतात. मग पेशंट फार दिवस राहत नाही.’’ बीजांडकोशाचा, म्हणजे ओव्हरीचा कॅन्सर वाढलेल्या बाईच्या घरची माणसे हे हमखास बोलतात. या समजुतीपायी कितीतरी आया उशीला टेकून, बसल्या बसल्या रात्र काढतात. म्हणून आज त्याविषयीच.

हा रोग मुळात लबाड. पोट फुगणे, अपचन, भूक मंदावणे एवढ्यावरून कोणाला कॅन्सरची शंका येणार? बाई ओवा-सोडा घेते आणि कामाला लागते. निदान होते तेव्हा बहुतेकींचा रोग पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरलेला असतो. तेथील रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो आणि तो शोषून घेणाऱ्या लसिकावाहिन्या तुंबतात. आवक वाढली, निचरा बंद. सोनोग्राफीच्या कागदावर ‘असायटिस’ लिहून येते ते हेच; जुनी माणसे त्याला जलोदर म्हणत.

जलोदर म्हटले की लोकांना यकृत आठवते. यकृताच्या जलोदरात मीठ कमी करतात, लघवीच्या गोळ्या देतात आणि त्याचा उपयोगही होतो. या कॅन्सरच्या पाण्यावर मात्र दोन्हींचा परिणाम बहुधा बेताचाच. तरीही शेजारपाजारच्या सल्ल्याने आईचे मीठ तोडले जाते. आधीच तोंडाला चव नाही, त्यात अळणी वरण! रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडासाठी डॉक्टरांनी पथ्य सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर तिच्या ताटातले मीठ आणि लिंबाची फोड काढून घेऊ नका. पाणी कमी प्यायल्यानेही पोट उतरत नाही, ओठ मात्र सुकतात.

रोग आटोक्यात आणणे हा पाण्यावरचा खरा इलाज. कार्बोप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल अशी औषधे लागू पडली तर पाणीही ओसरते. तोवर, किंवा औषधे थकली की, ते काढून टाकावे. जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहून बारीक नळी घालतात. एका वेळी काही लिटर निघते. धाप कमी होते, चार घास पोटात जातात, आडवे होऊन झोपता येते. रक्तदाब उतरणे, जंतुसंसर्ग, रक्तस्राव हे धोके आहेत, म्हणून ते इस्पितळातच व्हावे. पाणी पुन्हा भरते, कधी आठवड्यात तर कधी तीन आठवड्यांत, हे खरे. पण भरते ते रोगामुळे. छप्पर गळते म्हणून खाली ठेवलेले घमेले भरते. घमेले ओतून आल्याने गळती वाढत नाही. आणि ‘फार दिवस राहत नाही’ म्हणाल, तर लोक अगदी शेवटी, नाइलाज झाल्यावर येतात आणि बोल सुईला लावतात.

वरचेवर काढावे लागत असेल तर त्वचेखालून नळी कायमची बसवून घरीच पाणी काढता येते. ही सोय मोठ्या शहरांत आहे, खर्चही आहे. पण विचारायला काय हरकत?

घरात करण्यासारखे पुष्कळ आहे. परकराची नाडी आधी सोडवा, सैल गाऊन द्या. डोक्याकडची बाजू उंच करा. भरलेल्या पोटाने जठर दाबले जाते, म्हणून पूर्ण ताट पाहूनच तिला नकोसे होते. दोन-दोन तासांनी वाटीभर पेज, मुगाचे वरण, दही, चालत असेल तर अंडे द्यावे. पाण्याबरोबर प्रथिनेही जातात, पण म्हणून तिच्यामागे चमचा घेऊन धावू नये. ‘‘खात नाही म्हणून अशी झाली’’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना दारातच चहा पाजून वाटेला लावावे.

आता मला जे खटकते ते सांगतो. थोरले चिरंजीव फाइल घेऊन आत येतात, आई बाहेर बाकावर. ‘‘तिला काही सांगू नका, गॅस झालाय म्हणून सांगितलंय.’’ माया समजते, पण हे बरोबर नाही. पाणी कधी काढायचे हे निव्वळ सोनोग्राफीवरून ठरत नाही, बाईला किती त्रास होतो यावर ठरते. तिला आत येऊ दिले नाही तर तो सांगणार कोण? आयुष्यभर ‘‘बरं आहे’’ म्हणायची सवय झालेली ती बाई. गॅसच आहे म्हटल्यावर गप्प सोसत राहते. तिला आत बसवा. ती विचारील तेवढे, तिला झेपेल अशा शब्दांत खरे सांगा. इस्पितळाच्या खेपा हव्यात की घरी राहायचे, हेही तिलाच विचारा. बहुतेक जणींना अंदाज आलेलाच असतो.

वेदनेबाबतही तेच. मॉर्फिन म्हणजे शेवट, असे समजून घरचे गोळी लपवून ठेवतात. योग्य मात्रेत ती वेदना आणि धाप दोन्ही हलकी करते. बद्धकोष्ठ होते, म्हणून सोबत जुलाबाचे औषध लागते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ती मिळणे अवघड झाले होते, २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी केली. डॉक्टर आपणहून बोलले नाहीत तर तुम्ही विषय काढा.

ताप येऊन पोट दुखू लागले, उलट्या होऊन वारा सरेनासा झाला, एकच पाय सुजला किंवा अचानक धाप वाढली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठा.