एमएच-५८ : नंबर विकताय ना, मग पैसा कुठल्या कामाला तेही सांगा!

मंडळी, २०२५ मध्ये आपल्या मिरा-भाईंदरला स्वतःचा आरटीओ कोड मिळाला, एमएच-५८. इतकी वर्षं आपण ठाण्याच्या एमएच-०४ मध्येच मोजले जायचो. आनंद आहेच. पण नवा कोड म्हणजे नवी मालिका, आणि नवी मालिका म्हणजे चॉईस नंबरचा नवा बाजार. आज त्यावरच लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राज्य सरकारने पसंतीच्या नंबरांची फी वाढवली. चारचाकीच्या ०००१ या नंबरला आधी तीन लाख लागायचे, ते पाच लाख झाले. मुंबई-पुण्यासारख्या जास्त मागणीच्या ठिकाणी सहा लाख. दुचाकीचा ०००१ पन्नास हजारांवरून एक लाखावर गेला. एकाच नंबरसाठी दोघं-तिघं आले तर बंद पाकिटात बोली, जो जास्त देईल त्याचा नंबर. कोणाला चार-एक-चार-एकचा ‘दादा’ हवा, कोणाला आठ-शून्य-पाच-पाचचा ‘बॉस’.

हौसेला मोल नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने भरावेत, माझी काहीच तक्रार नाही. उलट पेट्रोल-डिझेलवर गरिबाकडून वसूल करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. माझा प्रश्न पुढचा आहे. हे लाखो रुपये राज्याच्या महसुलात मिसळतात आणि दिसेनासे होतात. बेव्हर्ली पार्कच्या माणसाने भरलेल्या पैशातून बेव्हर्ली पार्कच्या वाट्याला काय आलं, हे ना भरणाऱ्याला कळतं ना तुम्हा-आम्हाला.

अमेरिकेत वेगळी रीत आहे. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळलं, सात अंतराळवीर गेले. फ्लोरिडा राज्याने १९८७ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ खास नंबरप्लेट काढली. ज्याला हवी त्याने जादा पैसे भरायचे, आणि तो जादा पैसा ठरलेल्या कामाला जायचा. आज तिथे विद्यापीठं, वन्यजीव, रुग्णसेवा अशा कितीतरी कामांच्या पाट्या आहेत.

लगेच कोणीतरी म्हणेल, वा! आपल्याकडेही सुरू करा की! थांबा. आपल्याकडे आत्ता, आहे तशी ही योजना आली तर पहिला अर्ज कोणाचा असेल? कर्करोगाच्या रुग्णांचा? खाडीतल्या कांदळवनाचा? छे! पहिला अर्ज असेल ‘अमुकभाऊ युवा मंचा’चा, ज्याचं आजवरचं समाजकार्य म्हणजे भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर. दुसरा असेल त्यांच्या विरोधकांच्या मंचाचा.

म्हणून मुद्दा पाटीचा नाहीच, पात्रतेचा आहे. अमेरिकेतही खरी भांडणं पात्रतेवरूनच झाली. फ्लोरिडात नवी पाटी हवी असेल तर आधी तीन हजार लोकांनी पैसे भरून मागणी नोंदवावी लागते. टेक्सासमध्ये एका संघटनेला गुलामगिरीच्या काळातल्या बंडखोर दक्षिणी राज्यांचा झेंडा पाटीवर हवा होता. राज्याने नाही म्हटलं. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल आला : पाटीवर जे छापलंय ते सरकारचं बोलणं आहे, गाडीमालकाचं नाही. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पाटीवर कोणाचं नाव आलं तर सरकारने त्याला प्रमाणपत्र दिलं असा त्याचा अर्थ होतो.

आणि आपल्याकडे हे प्रमाणपत्र लोक फुकटात घेतायत! सिल्व्हर पार्कच्या सिग्नलला दहा मिनिटं उभं राहा. ‘पोलीस’, ‘भारत सरकार’, पक्षाचं चिन्ह, कुठल्याशा समितीचं ‘राष्ट्रीय अध्यक्ष’. आणि हो, आमचं ‘प्रेस’सुद्धा. ज्यांनी आयुष्यात एक बातमी लिहिली नाही त्यांच्या स्कूटरवर ‘प्रेस’. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पाटीवर काय, कुठल्या अक्षरांत, किती मापाचं हे सगळं लिहिलेलं आहे. आमच्यासारख्याने साधी जुनी पाटी ठेवली तर एचएसआरपी का नाही म्हणून विचारणार, आणि अख्ख्या काचेवर नेत्याचा फोटो लावणाऱ्याला सलाम ठोकणार? हा कुठला न्याय?

काही जण म्हणतील, असे पात्रतेचे नियम करणं सरकारला जमत नाही. साफ खोटं. २०२१ मध्ये बीएच मालिका आणली तेव्हा कसं जमलं? संरक्षण दलातले, केंद्र-राज्य सरकारचे, सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी. खासगी कंपनी असेल तर तिची कार्यालयं किमान चार राज्यांत हवीत, आणि कंपनीने ‘फॉर्म ६०’ भरून द्यायचा. किती स्पष्ट! नोकरदाराची गाडी राज्याबाहेर नेण्याची सोय करायची होती तेव्हा नियम लिहिता आले. मग पैशाचा हिशेब द्यायच्या वेळीच पेनातली शाई का संपते?

माझी मागणी सोपी आहे. पाटी बदलूच नका, तो केंद्राचा विषय. पण पसंतीच्या नंबरची फी राज्य ठरवतं. त्या फीचा ठराविक हिस्सा भरणाऱ्याने यादीतून निवडलेल्या स्थानिक कामाला द्या. आणि ती यादी करण्याआधी पात्रता लिहून काढा :

१. पहिला हक्क सार्वजनिक कामाचा. आपलं भाईंदरचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, काशिमिऱ्याच्या हायवेवर अपघातात सापडणाऱ्यांचे उपचार, पालिकेच्या शाळा.

२. खासगी संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि पाच वर्षांचे तपासलेले हिशेब.

३. विश्वस्तांत नगरसेवक, आमदार, खासदार किंवा पक्षाचा पदाधिकारी नको. बायको-मुलाच्या नावाची पळवाटही नको.

४. जात, धर्म, पक्ष आणि हयात माणसाचं नाव यादीत नको.

५. दरवर्षी आरटीओच्या दारात फलक : किती आले, कोणाला दिले, काय झालं. हिशेब नाही दिला तर पुढच्या वर्षी नाव बाद.

यात अवघड काय आहे? ज्याला ‘दादा’ हवा त्याला ‘दादा’ मिळेल, आणि त्याच्या हौसेतून एखाद्याच्या मोडक्या हाडाला प्लास्टर लागेल. नुकसान होईल ते फक्त वाढदिवसाच्या मंचांचं.

राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक आपल्याच भागाचे आमदार आहेत. एमएच-५८ आणल्याचं श्रेय त्यांनी जरूर घ्यावं. पण कोड मिळाला म्हणून काम संपलं नाही. नवं कार्यालय आहे, जुन्या सवयी अजून भिंतींना चिकटलेल्या नाहीत. नियम करायचा तर आत्ताच. एकदा बाजार बसला की कोणी उठवत नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, पण मुद्द्यावर लिहा. आणि गाडीवर ‘प्रेस’ चिकटवून फिरणाऱ्या मित्रांनो, कमेंट करण्याआधी तुमची शेवटची छापून आलेली बातमी कधीची, तेवढं सांगा!