गुलाबी पिशवीचा खोटा भरवसा

सर्किट बोर्ड आणि सुटे आयसी कुरिअरने पाठवणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजला आहे. गुलाबी ‘अँटिस्टॅटिक’ पिशवीत माल घातला की स्थिर विजेची काळजी मिटली, असं मानलं जातं. हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत अखेर बोर्ड विकत घेणाऱ्याला मोजावी लागते. गुलाबी पॉलिथिनमध्ये मिसळलेलं रसायन हवेतला ओलावा पृष्ठभागावर धरून ठेवतं, त्यामुळे पिशवी बोर्डावर घासली तरी तिच्यावर फारसा विद्युतभार साचत नाही. तिचा गुण एवढाच. भारित हाताने ती बाहेरून उचलली, तर त्या हाताचं विद्युतक्षेत्र किंवा ठिणगी अडवणारा एकही थर तिच्यात नसतो. शिवाय ते रसायन काळाबरोबर कमी होत जातं आणि हवा कोरडी झाली की त्याचा प्रभावही ओसरतो. रंग मात्र होता तसाच राहतो, म्हणून रंगावरून पिशवी पारखणं धोक्याचं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो हवेचा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत स्थिर वीज होतेच कुठे, असं विचारलं जातं. आर्द्रतेने भार कमी होतो हे खरं, पण तो नाहीसा होत नाही. या क्षेत्रात नेहमी दिल्या जाणाऱ्या आकड्यांनुसार साधी पॉलिथिनची पिशवी टेबलावरून उचलताना कोरड्या हवेत सुमारे २०,००० व्होल्ट निर्माण होऊ शकतात, तर ६५ ते ९० टक्के आर्द्रतेत सुमारे १,२००. कारखान्यांमधली स्थिर वीज नियंत्रणाची व्यवस्था मात्र १०० व्होल्टलाही इजा होऊ शकणारे भाग गृहीत धरून आखलेली असते. मग भर पावसाळ्यातले १,२०० व्होल्ट निरुपद्रवी कसे? आणि लॅमिंग्टन रोडवरून निघालेलं पार्सल उन्हाळ्यात विदर्भात पोहोचतं, तेव्हा मुंबईचा दमटपणा त्याच्याबरोबर जात नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे: ‘वर्षानुवर्षं साध्या प्लास्टिकमधून पाठवतोय, काही बिघडलं नाही.’ पण बिघाड स्थिर विजेमुळे झाला हे कळणार कसं? साधारण ३,००० व्होल्टच्या खालचा झटका माणसाला जाणवतही नाही. चिपमधला काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर अर्धवट दुखावला, तर बोर्ड चाचणीत पास होतो आणि काही महिन्यांनी बंद पडतो. तेव्हा दोष व्होल्टेजच्या चढउताराला किंवा ‘कंपनीच्या मालाला’ दिला जातो. बोर्डवर बसवलेला आयसी आपोआप सुरक्षित होतो, हेही खरं नाही. बोर्डाच्या लांब तांब्याच्या रेषा मोठा भार साठवू शकतात आणि तो एका क्षणात चिपमधून वाहून जाऊ शकतो.

मग निवडायचं काय? माल संरक्षित कार्यक्षेत्राबाहेर जाणार असेल तर धातूचा थर असलेली चंदेरी शील्डिंग पिशवी. तिच्या आतल्या अस्तरावर भार साचत नाही आणि मधला धातूचा पातळ थर बाहेरचं क्षेत्र अडवतो. स्थिर विजेपासून संरक्षण देणाऱ्या पॅकिंगसाठीच्या एस५४१ या मानकानुसार पिशवीवर बाहेरून १,००० व्होल्टचा आघात केला, तर आत पोहोचणारी ऊर्जा २० नॅनोज्यूलपेक्षा कमी असावी लागते. पण पिशवीचं तोंड उघडं ठेवलं, घड्या पडून धातूचा थर तडकला किंवा तिला स्टेपलर मारला, तर या कसोटीला काही अर्थ उरत नाही. क्रमही तितकाच महत्त्वाचा. आधी बोर्ड, मग बंद चंदेरी पिशवी आणि तिच्यावर बबल रॅप. बबल रॅपमध्ये गुंडाळलेला बोर्ड चंदेरी पिशवीत सरकवणं म्हणजे भाराचा उगमच बोर्डाशेजारी कोंडणं. बोर्डवर बॅटरी असेल तर काळी कार्बनयुक्त पिशवी टाळावी, कारण ती स्वतःच वाहक असल्याने बॅटरी उतरवू शकते.

खर्चाचा आक्षेप रास्त आहे, आणि प्रत्येक वस्तूला चंदेरी पिशवी लागत नाही. अर्थिंग असलेल्या टेबलांमध्ये, मनगटपट्टा लावलेल्या हातांमध्ये माल फिरत असेल तिथे गुलाबी पिशवी योग्य आणि पुरेशी आहे. पण पार्सल त्या दाराबाहेर पडलं की ते कोणाच्या हातात पडेल, हे पाठवणाऱ्याच्या हाती राहत नाही. म्हणून पिशवी ठरवताना माल पुढे कोणत्या हातांतून जाणार आहे याचा हिशेब धरावा; ज्या हातांवर आपलं नियंत्रण नाही, त्यांच्यासाठी शील्डिंग पिशवीचा खर्च हा मालाच्या किमतीचाच भाग मानला पाहिजे.